टेपला न दिसणारी ताकद

रंकाळ्यावर फेऱ्या मारल्या की झाला व्यायाम, असं मला पंचेचाळिशीपर्यंत वाटायचं. एकदा भरलेलं सिलिंडर सरकवताना मांड्या लटलटल्या आणि मी बैठका सुरू केल्या. पहिल्या दिवशी १२ झाल्या, पाचव्या आठवड्यात ३०. टेपनं मांडी मोजली, तर घेर होता तेवढाच. मग ही ताकद आली कुठून?

ती आली मेंदू आणि मज्जारज्जूतून. स्नायूतले तंतू सुटेसुटे आकसत नाहीत. मज्जारज्जूतली एकेक चेतापेशी तंतूंच्या एका जथ्याला हुकूम देते. हलक्या कामाला छोटे जथे उठतात, ओझं वाढेल तसे मोठे. नवख्या शरीराला हे मोठे जथे नीट जागे करता येत नाहीत. सरावानं हुकूम भराभर सुटू लागतात, विरुद्ध बाजूच्या स्नायूंची आडकाठी कमी होते. मोरितानी आणि डीव्हरीज या संशोधकांनी १९७९ साली स्नायूंतले विद्युत संकेत मोजून दाखवलं, की सुरुवातीच्या आठवड्यांतली वाढ मुख्यतः चेतासंस्थेची असते, स्नायू मागाहून जाड होतो. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेला बोस्टनचा प्रयोग तर मला फार आवडतो. वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या आसपासच्या माणसांनी ८ आठवडे पायांनी वजनं उचलली. व्यायाम पुरा करणाऱ्या ९ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीतला स्नायू मात्र ९ टक्क्यांनीच.

हे वाचून मला जोर चढला. सातव्या आठवड्यात वहीत ४० लिहिले. लेकीनं त्या दिवशी मोबाईलवर शूटिंग केलं होतं. शेजारच्या जुन्या पैलवानांनी ते पाहिलं, नि म्हणाले, "वैनी, पंचवीसच्या पुढं टाच उचलतीया. अर्ध्यातनंच वर येतायसा. पंचवीसच धरा."

वाईट वाटलं. मी पूर्ण खाली बसत होते, अशी माझी खात्री होती! पण थकव्यानं सांध्यांची जाणीव बोथट होते. गुडघा किती वाकला हे दमलेल्या शरीराला नीट कळत नाही. उलट बाजूची चूकही तितकीच खरी आहे. 'आता अजून किती जमतील?' असं विचारलं, तर माणसं बहुधा कमीच आकडा सांगतात. अगदी शेवटाजवळ आल्यावर अंदाज सुधारतो. म्हणजे झालेल्या जास्त मोजल्या जातात नि जमण्यासारख्या कमी. उद्याचं ओझं आजच्या आकड्यावर ठरत असेल, तर आकडा खोटा असून कसं चालेल?

दुखण्याचं मापही फसवंच. आपण म्हणतो, अंग आंबलं. शब्दात आंबटपणा आहे, म्हणून लॅक्टिक आम्लाला दोष देणं सोपं जातं. पण व्यायामात साठलेलं लॅक्टेट, म्हणजे या आम्लाचं शरीरातलं रूप, साधारण तासाभरात ओसरतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं ठणकणं अनोळखी ताणानं तंतूंना झालेल्या बारीक इजेचं नि त्यामागून येणाऱ्या दाहाचं. तोच व्यायाम पुन्हा केला की ते कमी होतं, ताकद वाढत असली तरी. मी मात्र कित्येक दिवस 'दुखत नाही, म्हणजे वाया गेलं' असं धरून चालले होते.

आता वहीत तीन रकाने आहेत आणि मोबाईल खुर्चीवर टेकवलेला असतो. कालची नोंद: पूर्ण २८, अर्ध्या ३, अजून जमल्या असत्या २.