मिलीबगवर निंबोळी तेल की मित्रबुरशी?

जास्वंदीच्या शेंड्यांवर मिलीबग, म्हणजे झाडाचा रस शोषणारी पिठ्या ढेकूण ही कीड, पांढरा कापूस चिकटल्यासारखी दिसली की रोपवाटिकेत दोनपैकी एक औषध हाती पडते: निंबोळी तेल किंवा व्हर्टिसिलियम लेकॅनी या किडी मारणाऱ्या मित्रबुरशीची भुकटी. दोन्ही ‘जैविक’, म्हणून कोणतेही घ्या, असा सर्रास समज आहे. माझ्या मते निम्मी फवारणी या समजापायीच वाया जाते.

तेल अंगाला लागले तरच मारते. ते किडीची श्वसनछिद्रे बुजवते आणि त्यातल्या ॲझाडिरॅक्टिन या घटकामुळे पिल्लांना नीट कात टाकता येत नाही. अंड्यांतून नुकतीच निघालेली रांगती पिल्ले त्याला लवकर बळी पडतात. मोठ्या माद्या आणि अंड्यांच्या पिशव्या मात्र मेणाखाली असतात, तिथून थेंब ओघळून जातो. म्हणून आधी पाण्याच्या जोरदार धारेने फांद्या धुवाव्यात. मग लिटरभर पाण्यात थोडा पातळ साबण आणि ५ मिली तेल घुसळून पानांच्या खालून, बेचक्यांत फवारावे. भर उन्हात फवारले तर पाने करपतात.

बुरशी जिवंत असते, हे विसरून चालत नाही. तिचे बीजाणू किडीच्या अंगावर रुजतात, त्वचा भेदून आत शिरतात आणि कीड काही दिवसांनी मरते. रुजायला दमट हवा लागते. मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर तिच्याकडून फारशी अपेक्षा नको; पावसाळ्यात, संध्याकाळी फवारली तर ती खरी कामाला येते. पुडी उन्हात ठेवलेली नसावी, मुदत पाहूनच घ्यावी. त्याच सुमारास झाडावर बुरशीनाशक मारले तर मित्रबुरशीही मरते. दोन्ही औषधे एकाच पंपात न मिसळता मध्ये काही दिवस जाऊ द्यावेत, कारण दाट तेलाने बीजाणूंचे रुजणे मंदावू शकते.

खरी फसगत पुढे होते. बुरशीने मेलेल्या किडीवरही पांढरी लव उगवते आणि मिलीबग वाढला असे वाटून माणूस घाईने रासायनिक औषध आणतो. काडीने टोचून पाहा: जिवंत कीड चिरडली की ओला रस निघतो, बुरशीने मेलेली वाळून कडक झालेली असते.

मुंग्यांकडे मात्र दोन्ही वेळा लक्ष हवे. मिलीबग सोडतो त्या गोड चिकट्यासाठी त्या त्याला जपतात आणि त्याच्यावर जगणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. त्यामुळे कुंडीखालचे वारूळ आधी शोधावे.