हाडांच्या झिजेचा वेग रक्तात कसा दिसतो?

रक्ततपासणीत कॅल्शियम योग्य प्रमाणात आढळले, की आपली हाडे मजबूत आहेत असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार, झालेल्या व्यक्तीच्या रक्तातही कॅल्शियम बहुधा नॉर्मलच असते. कारण ते कमी पडू लागताच पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक हाडांतून कॅल्शियम सोडवून रक्तातली तूट भरून काढते. हाडांची कोठी रिती होत असताना अहवाल मात्र आलबेल दिसतो.

झिजेची खबर लागते ती प्रथिनांच्या तुकड्यांवरून. ऑस्टिओक्लास्ट पेशी जुने हाड काही आठवड्यांत कुरतडतात आणि तो खळगा भरून काढायला ऑस्टिओब्लास्ट पेशींना काही महिने लागतात. कुरतडताना कोलॅजेनच्या, म्हणजे हाडातल्या मुख्य प्रथिनाच्या, टोकाचा जो तुकडा सुटतो तो ‘सीटीएक्स’, तर नवे कोलॅजेन रचताना छाटले जाणारे टोक म्हणजे ‘पी१एनपी’. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटले की दोन्ही वाढतात, पण भरणी झिजेला गाठू शकत नाही.

यांतला सीटीएक्स मोठा लहरी आहे. पहाटे तो सर्वाधिक असतो, दुपारपर्यंत बराच उतरतो आणि जेवणानंतरही घटतो. म्हणून नमुना सकाळी उपाशीपोटी आणि पुढच्या खेपेसही त्याच सुमारास द्यावा लागतो; एरवी भरल्या पोटी दुपारी दिलेल्या रक्तावरून झीज मंदावल्याचा खोटा दिलासा मिळू शकतो. मूत्रपिंडे नीट काम करत नसतील तर सीटीएक्स रक्तात साचतो, आणि अस्थिभंगानंतर दोन्ही आकडे कित्येक महिने चढलेले राहतात.

हाड किती उरले आहे, हे मात्र या चाचण्या सांगत नाहीत. त्यासाठी क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणीच हवी; तिच्यात टी-स्कोअर (निरोगी तरुण व्यक्तीच्या घनतेशी केलेली तुलना) उणे २.५ किंवा त्याहून खाली आला तर ऑस्टिओपोरोसिस मानतात. एकाच सीटीएक्सवरून निदान करणे मला म्हणूनच घाईचे वाटते. त्याचा खरा उपयोग उपचार सुरू झाल्यावर होतो. हाडांची झीज रोखणाऱ्या बिस्फॉस्फोनेट गोळ्यांचा परिणाम डेक्सात दिसायला वर्ष-दोन वर्षे जातात, सीटीएक्स मात्र साधारण तीन महिन्यांतच ठळकपणे घसरतो. तो घसरला नाही, तर गोळी नियमित आणि उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबरच घेतली जाते का, हे डॉक्टर आधी विचारतात. टेरिपॅराटाइड हे औषध हाड बांधणारे असल्याने तिथे हिशेब उलटा असतो: पी१एनपी चढला, तरच औषध लागू पडते आहे असे समजतात.