मास्कला टक घातला तेव्हा

२०२१ सालच्या उन्हाळ्यात कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या शेजारच्या काकू ब्लाऊज बाजूला ठेवून मास्क शिवत होत्या. माझा तीन पदरी सुती मास्क घेऊन मी त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले, आणखी एक पदर लावून द्या. त्यांनी तो मला घालायला लावला आणि नाकाशेजारी करंगळी सरकवली. ती सरळ आत गेली. "पदर कितीबी लाव की. टक नसंल तर ब्लाऊज तरी अंगाला बसतोय काय?" टक म्हणजे कापड चिमटीत धरून मारलेली टीप; तिच्यामुळे सपाट कापडाला उभार येतो.

त्या एका वाक्यात मास्कचं निम्मं भौतिकशास्त्र आहे, असं मला आजही वाटतं.

कापड कण अडवतं ते धाग्यांच्या जंगलात. मोठा थेंब हवेबरोबर झटकन वळू शकत नाही, म्हणून धाग्यावर आदळतो. अगदी बारीक कण सतत थरथरत भटकतो आणि कुठल्यातरी धाग्याला चिकटतो. ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे कण सगळ्यांत निसटते. पण हे सगळं हवा कापडातून गेली तरच. २०२० मध्ये शिकागोच्या संशोधकांनी निरनिराळी कापडं तपासली, तेव्हा नीट न बसल्यामुळे राहणाऱ्या फटीसारखी छोटी फट ठेवताच गाळण्याची क्षमता ६० टक्क्यांहून जास्त घटू शकते, असं त्यांना दिसलं.

उसाला पाणी पाजणाऱ्याला याचं कारण सांगायला नको. पाटाच्या बांधात घुशीचं बीळ राहिलं की पाणी तिकडंच पळतं. बांध आणखी उंच केला तर पाणी जास्त तुंबतं आणि बिळावरचा जोर वाढतो. मी मागत होते तो चौथा पदर म्हणजे हा उंच बांध. कापड जितकं दाट, तितकी हवेला त्यातून जायला अडचण आणि तितकी ती गालाशेजारच्या फटीकडे वळणार. जाड मास्क घालून चष्म्यावर जास्त वाफ येते ती यामुळेच: उच्छ्वासाची दमट, उबदार हवा नाकाशेजारून वर निसटते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब थंड काचेवर जमतात.

काकूंनी खडूनं वरच्या आणि खालच्या काठाच्या मध्यावर खुणा केल्या, शिलाई थोडी उसवली आणि दोन्हीकडे बोटाच्या पेराएवढा टक घालून टीप मारली. काठ आखूड झाले आणि मधलं कापड फुगून वाटीसारखं झालं. सपाट चौकोन गोल चेहऱ्यावर बसवायचा म्हणजे हेच करावं लागतं. याचा दुसरा फायदा मला नंतर कळला. कापड ओठांना चिकटलं नाही, त्यामुळे श्वास तोंडासमोरच्या टीचभर जागेऐवजी जवळजवळ सगळ्या कापडातून जाऊ लागला. पदर तेवढेच, तीन, तरी मला आधीपेक्षा हलकं वाटलं.

वरच्या काठाला त्यांनी नळीसारखी पट्टी शिवली आणि बेकरीच्या पाकिटांच्या दोन तारा पिळून त्यात सरकवल्या. पट्टीचं एक टोक उघडं ठेवलं, म्हणजे धुताना तार काढता येते. इलॅस्टिकला अगदी कापडाजवळ गाठ मारली आणि बाजूला उरलेली चुणी आत दुमडली. सर्जिकल मास्कवर हीच युक्ती अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं तपासली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात कृत्रिम खोकल्यातले ५६.१ टक्के कण साध्या मास्कनं अडवले, तर गाठ मारून कडा दुमडल्यावर ७७ टक्के.

घरी तपासायला यंत्र लागत नाही. जोरात श्वास घ्या. कापड आत ओढलं गेलं आणि सोडताना फुगलं, तर हवा कापडातून जाते आहे. ते ढिम्म राहिलं आणि गालाला वारा लागला, तर फट तिथंच आहे. दाढी असेल तर कडा टेकतच नाही, तिथं टकाचाही इलाज नाही.

एक गोष्ट मात्र मला कळकळीनं सांगायची आहे. शिरोलीच्या फाउंड्रीत वाळूची बारीक धूळ अंगावर घेणाऱ्या भावांनी असा मास्क पुरेसा समजू नये. ती सिलिकाची धूळ फुफ्फुसात कायमची बसते. तिथं प्रमाणित रेस्पिरेटरच (चेहऱ्याला घट्ट बसणारा, धूळ गाळणारा मास्क) हवा आणि तो कारखान्यानं द्यायला हवा.

घरच्या मास्कचं कापड शिवण्याआधी एकदा धुऊन आटवून घ्यावं, नाहीतर पहिल्या धुण्यात टकाचं माप बिघडतं. इलॅस्टिकही धुऊन धुऊन सैल पडतं. काकू दर महिन्याला मला बोलवायच्या, करंगळी घालून बघायच्या आणि गाठ थोडी पुढं सरकवायच्या.