गावतलावासाठी सरकारी निधी: अर्ज कोणी करायचा, कागद कोणते लागतात

आपल्या नवी मुंबईतला गावतलाव गाळाने भरलाय, सरकारी योजनेत अर्ज कुठे करायचा, हे खूप जण विचारतात. तर तुम्हाआम्हाला थेट अर्ज करताच येत नाही, प्रस्ताव पालिकेनेच पाठवायचा असतो, आपण फक्त मागे लागायचं.

केंद्राची एनपीसीए (तलाव-पाणथळ जागांच्या संवर्धनाची) योजना 2013 ची, आधीची राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना त्यातच विलीन केली, खर्च केंद्र-राज्य 60:40. पण सरोवर म्हणजे साधारण 10 हेक्टर पाणी न् 3 मीटर खोली हा जुना निकष लावला तर नवी मुंबईतले गावतलाव कुठे बसणार, तरी ठाण्याचे 9 तलाव त्या जुन्या योजनेत घेतले होते, म्हणजे दार अगदीच बंद नाहीये. नाहीतर राज्य सरोवर संवर्धन योजना आहे, ती राज्याच्या पर्यावरण विभागाकडे. अमृत 2.0 या केंद्राच्या शहरांसाठीच्या योजनेतही तलाव येतात पण ती 2021-22 पासून 5 वर्षांची, सो नवीन प्रस्ताव घेतायत का ते आधी विचारा. अमृत सरोवर ही वेगळीच, मुख्यतः ग्रामपंचायतींसाठी.

खरं घोडं अडतं ते मालकीवर. सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड काढा आणि मालक कोण ते नीट वाचा, कारण आपल्याकडे जमीन सिडकोची (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ) किंवा शासनाची आणि साफसफाई पालिकेची असं असू शकतं, मग एनओसीशिवाय फाईल हलत नाही. विकास आराखड्यात तलाव दाखवलाय का तेही बघा, आणि हद्दीवर भराव पडला असेल तर मोजणीची मागणी त्याच पत्रात टाका, नंतर वेगळी नको.

पत्र आयुक्तांच्या नावे, प्रत पर्यावरण विभागाला. सोबत उतारा, नकाशा, लोकेशन-तारखेसकट फोटो (एक भर उन्हाळ्यातला, एक विसर्जनानंतरचा), रहिवाशांच्या सह्या. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, ईमेल केलाय वगैरे कोणी ऐकत नाही.

महिनाभर उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार. फी 10 रुपये, बीपीएलला माफ, एकच विषय आणि 150 शब्दांत. "तलावाचं काय झालं" असं मोघम नको, "अमुक तारखेच्या पत्रावर केलेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत" मागा. 30 दिवसांत नाही दिलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याची फी 20 रुपये. लोकशाही दिनाला (अधिकारी लोकांच्या तक्रारी समोर बसून ऐकतात तो दिवस) जायचा सल्ला कोणी देईल, पण तिथे वैयक्तिक तक्रारीच घेतात, तलावाचा अर्ज बहुतेक परतच येतो.