कापलेला हात आणि चेंगरलेला हात

मालवाहतुकीच्या धंद्यात हाताच्या प्रत्येक मोठ्या अपघाताला ‘हाताला लागले’ एवढेच म्हटले जाते आणि पुढचे सगळे निर्णय रक्त किती वाहते आहे, यावरून घेतले जातात. रक्ताची धार दिसली की सगळे धावतात. ती दिसली नाही, तर माणसाला चहा पाजून सावलीत बसवतात आणि उरलेला माल उतरवायला घेतात. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरच्या मासळीच्या गाड्या असोत, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीतली गोदामे असोत की चिऱ्याच्या खाणी असोत, हाच गोंधळ सर्वत्र दिसतो आणि त्यापायी चांगले हात कायमचे अधू होतात.

कापलेल्या हाताविषयी फार सांगण्याची गरज नाही. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे आणि हात उंच ठेवावा, हे बहुतेकांना ठाऊक असते. बोट तुटून वेगळे झाले असेल, तर ते ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळावे, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. मासळीच्या गाडीवर बर्फ हाताशीच असल्यामुळे बोट थेट बर्फात खुपसण्याची चूक सहज होते, पण थेट बर्फाने पेशी गोठून मरतात. अंगठी घालून गाडीवर चढणे मात्र मला मुळीच मान्य नाही. उडी मारताना ती फाळक्याच्या, म्हणजे गाडीच्या मागच्या उघडणाऱ्या फळीच्या, कडीत अडकली, तर बोटावरची कातडी मोज्यासारखी सोलून निघते.

खरी फसगत होते ती चेंगरलेल्या हातात. चिरा रचताना दोन दगडांमध्ये, किंवा फाळका पडताना त्याच्या आणि हौद्याच्या मध्ये तळवा सापडतो. कातडी शाबूत असते, रक्त दिसत नाही, कधी कधी एक्स-रेमध्ये हाडही मोडलेले नसते. पण तळहातातले लहान लहान स्नायू न ताणणाऱ्या आवरणांच्या घट्ट कप्प्यांत बसलेले असतात. आत रक्तस्राव आणि सूज वाढली की कप्प्यातला दाब चढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायूंना रक्त मिळेनासे होते. असे स्नायू साधारण सहा तासांत कायमचे मरू लागतात. उलट बोटात स्नायू नसतात, म्हणून तुटलेले बोट नीट थंड ठेवल्यास बारा तासांनंतरही जोडता येऊ शकते. म्हणजे ज्या हाताकडे पाहून आपण निश्चिंत बसतो, त्याच्याजवळ वेळ कमी असतो.

मनगटाची नाडी लागते आणि नखे गुलाबी आहेत, म्हणून हात ठीक आहे, असे मानणे ही सर्वांत घातक चूक आहे. नाडी बहुधा शेवटपर्यंत लागतच राहते. पाहायचे ते वेगळेच. मार दिसतो त्या मानाने वेदना फार जास्त आहेत का, त्या वाढतच चालल्या आहेत का, तळवा दगडासारखा कडक झाला आहे का, आणि दुसऱ्याने वाकलेली बोटे हळूच सरळ केली तर माणूस कळवळतो का? बधिरपणा येण्याची वाट पाहू नये, कारण तो उशिरा येतो. ही लक्षणे दिसली, तर शल्यचिकित्सकाने आवरणाला चीर देऊन दाब मोकळा करणे हाच उपाय आहे.

म्हणून इथे उपचारही उलटा पडतो. कापलेल्या हातावर दाब देतात, तर चेंगरलेल्या हातावर क्रेप बँडेज आवळून बांधू नये. कापलेला हात उंच धरतात. दाब चढलेला हात मात्र हृदयाच्या पातळीवर ठेवावा, कारण उंच धरल्याने आधीच तुटपुंजा असलेला रक्तपुरवठा आणखी घटतो. अंगठी, कडे, घड्याळ आणि मनगटाचा दोरा सूज चढण्यापूर्वीच काढावा. तेल लावून चोळणे आणि गरम शेक देणे हे दोन्ही प्रकार मी कोणालाही करू देत नाही.

हातावरची मोठी शस्त्रक्रिया जवळ होणार नसेल, तर रत्नागिरीहून आंबा घाटाने कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर पडते आणि पावसाळ्यात घाटात किती वेळ मोडेल, याचा नेम नसतो. त्यामुळे निघण्याचा निर्णय सूज उतरते का, हे पाहत संध्याकाळपर्यंत लांबवू नये. सोबत जाणाऱ्याच्या हातात एक चिठ्ठी द्यावी आणि तिच्यावर हात नेमका किती वाजता सापडला आणि किती वेळ दबून राहिला, एवढे लिहावे. डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतात.