हॅकरस्पेस: आधी जागा, मग प्रकल्प

ऑगस्ट २००७ मध्ये बर्लिनजवळच्या फिनोफुर्ट इथल्या जुन्या सोव्हिएत धावपट्टीवर जर्मनीच्या केऑस कम्प्युटर क्लब या हॅकर मंडळींच्या संघटनेने तंबू ठोकून मोठा मेळावा भरवला. अमेरिकेहून काही मंडळी मुद्दाम गट करून आली होती. तिथे येन्स ओलिग आणि लार्स वायलर या दोघांनी, सामाईक कार्यशाळा उभी करून ती टिकवायची कशी, हे अनुभवातून मांडलं. आधी प्रकल्प ठरवायचे की आधी जागा घ्यायची, या नेहमीच्या घोळावर त्यांचं उत्तर सरळ होतं: आधी जागा, वीज, इंटरनेट, स्वयंपाकघर, माणसं जमली की प्रकल्प आपोआप निघतात. बैठक कोणत्या वारी घ्यायची यावर वाद होणारच, म्हणून सरळ मंगळवार धरायचा आणि विषय संपवायचा. आज जगभरातल्या हॅकरस्पेसमध्ये जे काही चालतं, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचं मूळ या मांडणीत आहे.

हॅकरस्पेस म्हणजे सभासदांनी वर्गणी काढून चालवलेली कार्यशाळा. लेसर कटर, ऑसिलोस्कोप, लेथ अशी एकट्यादुकट्याला न परवडणारी साधनं तिथे असतात. ती चालवता येणारी आणि दुसऱ्याला शिकवायला राजी असलेली माणसंही असतात, आणि माझ्या मते साधनांपेक्षा तीच महत्त्वाची.

ही परंपरा २००७ च्या बरीच आधीची. १९७५ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क इथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये होमब्रू कम्प्युटर क्लब या हौशी संगणकप्रेमींच्या मंडळाची पहिली बैठक भरली. पुढे स्टीव्ह वोझ्नियाक यांनी ॲपलचा पहिला संगणक याच मंडळींना दाखवला. केऑस कम्प्युटर क्लब १९८१ चा, बर्लिनचं सी-बेस १९९५ चं, व्हिएन्नाचं मेटालॅब २००६ चं. होमब्रूला स्वतःची कायमची जागा नव्हती, सी-बेस आणि मेटालॅबला होती. हा फरक लहान नाही. अर्धवट जोडलेलं यंत्र टेबलावर तसंच ठेवून घरी जाता येणं आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुढे सुरू करता येणं, यावर हे सगळं काम उभं असतं.

जर्मनीहून परतलेल्यांनी वेळ घालवला नाही. न्यूयॉर्कमध्ये एनवायसी रेझिस्टर आणि सॅन फ्रान्सिस्कोत नॉइजब्रिज ही हॅकरस्पेस उभी राहिली. एनवायसी रेझिस्टरमधून पुढे घडलेली गोष्ट सांगितलीच पाहिजे. इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातले एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये रेपरॅप हा थ्रीडी प्रिंटरचा खुला प्रकल्प सुरू केला होता. आराखडे सगळ्यांसाठी मोकळे, कोणीही बांधावं, सुधारावं. प्लास्टिकची तार वितळवून थर चढवण्याच्या पद्धतीचं मूळ पेटंट २००९ मध्ये संपलं आणि त्याच वर्षी रेझिस्टरच्या तीन मंडळींनी मेकरबॉट ही कंपनी काढली. पहिलं यंत्र लेसरने कापलेल्या प्लायवूडचं, गिऱ्हाइकाने स्वतः जोडायचं. आराखडे अर्थातच खुले. २०१२ मध्ये मात्र कंपनीने नव्या यंत्राचे आराखडे बंद केले आणि २०१३ मध्ये ते पेटंट ज्यांचं होतं त्या स्ट्रॅटॅसिसनेच सुमारे ४० कोटी डॉलरच्या समभागांच्या बदल्यात ती विकत घेतली. ज्यांनी फुकट वेळ देऊन सुधारणा सुचवल्या होत्या, त्यांच्या हे मनाला लागलं, आणि लागणं रास्तच होतं. सगळ्यांच्या कष्टातून घडलेली वस्तू कोणाची, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक हॅकरस्पेसच्या बैठकीत कधी ना कधी निघतो.

आपल्याकडची गोष्ट सांगताना बहुतेक जण मुंबई-बंगळूरपासून सुरुवात करतात. ती पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या पाबळपासून करायला हवी. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये या कमी पावसाच्या गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेल्या मुलांना हाताने काम करता करता विज्ञान शिकवायचं, हा त्यांचा ध्यास. जुन्या जीपचे सुटे भाग वापरून छोटा ट्रॅक्टर तयार झाला, त्रिकोणी सांगाड्यांचे घुमट बांधले गेले. मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते भूजल शोधण्याचं काम. लोखंडाच्या चार सळया एका रेषेत जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची आणि आतल्या दोघींमधला विजेचा दाब मोजायचा. सळयांमधलं अंतर वाढवत गेलं की मोजणी अधिक खोल जाते. कोरडा कातळ विजेला जास्त अडवतो, पाणी धरलेला खडक कमी. बोअर कुठे घ्यावी हे त्यावरून ठरवायचं. दुष्काळी गावातल्या मुलाला ओहमचा नियम याहून चांगला कुठे कळणार!

अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाचे नील गर्शेनफेल्ड १९९८ पासून ‘जवळपास काहीही कसं बनवावं’ अशा अर्थाच्या नावाचा वर्ग घेत होते. त्यांच्या केंद्राची यंत्रं विद्यापीठाबाहेर न्यायचं ठरलं, तेव्हा २००२ मध्ये पाबळला फॅब लॅब, म्हणजे अशा यंत्रांची सगळ्यांना खुली कार्यशाळा, आली. एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब म्हणून ती ओळखली जाते. म्हणजे फिनोफुर्टच्या त्या मेळाव्याच्या पाच वर्षं आधी! दुधाची प्रत तपासणं, डिझेल इंजिनाचं टायमिंग नीट लावणं, अशा गावाच्या गरजांवर तिथे उपकरणं करून पाहिली गेली. कलबाग २००३ मध्ये गेले. काम चालू राहिलं. आज जगात दोन हजारांहून अधिक फॅब लॅब आहेत. फॅब लॅबच्या पाठीशी बहुधा एखादी संस्था असते, हॅकरस्पेस सभासदांच्या वर्गणीवर चालतं. पण दार उघडं ठेवण्याची रीत दोन्हीकडे सारखी.

मुंबईत २०१३ मध्ये वैभव छाब्रा यांनी मेकर्स असायलम ही अशीच सामाईक कार्यशाळा सुरू केली. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि डॉक्टर-नर्सना चेहरा झाकणाऱ्या पारदर्शक ढाली मिळेनात, तेव्हा या जागेची खरी कसोटी लागली. थ्रीडी प्रिंटरवर ढालीची डोक्यावरची एक पट्टी छापायला तास-दीड तास सहज जातो. लेसरने शीट कापली तर काही मिनिटांत काम होतं. आराखडा खुला ठेवला, म्हणून गावोगावच्या कार्यशाळांना तो लगेच वापरता आला. एम-१९ नावाच्या या जाळ्यातून ४९ दिवसांत ४२ शहरांत मिळून दहा लाख ढाली तयार झाल्या. कुठलाही एक कारखाना तेव्हा हे इतक्या लवकर करू शकला नसता, असं माझं ठाम मत आहे. पुढे मेकर्स असायलमने आपला मुक्काम गोव्यात हलवला.

२०१६ पासून नीती आयोगाच्या योजनेतून शाळांना अटल टिंकरिंग लॅब मिळू लागल्या. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, प्रत्येक शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. योजना चांगली आहे. पण ती शाळेपुरती. शेजारच्या गॅरेजमधल्या मेकॅनिकसाठी किंवा निवृत्त फिटरसाठी ती आखलेलीच नाही. शहरात खरी अडचण भाड्याची. पुण्या-मुंबईत चार यंत्रं मावतील एवढा गाळा महिन्याच्या वर्गणीतून चालवणं कठीण. पाबळने यावर एक वाट दाखवली आहे: मुलं गावातली खरी कामं घेतात, वेल्डिंग असो वा वायरिंग, आणि त्याचे पैसे घेतात. दुसरी वाट सार्वजनिक वाचनालयांची. महाराष्ट्राच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो ग्रंथालयं राज्यभर आहेत आणि सभासद, वर्गणी, कार्यकारिणी ही सगळी घडी तिथे आधीच बसलेली आहे. त्यातल्या दहा-वीस वाचनालयांनी संध्याकाळी एक खोली यंत्रांसाठी दिली, तरी सुरुवातीला पुरे.