नरसाळ्याचं तोंड

आमच्या गल्लीतली तीन मजली सोसायटी पाडून तिथे अकरा मजली इमारत झाली. फ्लेक्सवर ठळक अक्षरात होतं, ‘समोर ९ मीटर रस्ता’. त्यासाठी कुंपणाची भिंत दीड मीटर मागे सरकली. आठवडाभरात त्या पट्ट्यात दोन मोटारी आणि इस्त्रीवाल्याची हातगाडी येऊन बसली. पायी चालणारा होता तिथेच राहिला, मोटारींच्या बाहेरून.

२०२० मध्ये पुणे महापालिकेत ३२३ रस्ते सहाचे नऊ मीटर करायचा प्रस्ताव आला. रस्ता नऊ मीटरचा झाला की टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकामाचा हक्क, वापरता येतो आणि मजले चढतात, हा त्यातला हिशेब. मजल्यांना माझी हरकत नाही. टेकड्या फोडण्यापेक्षा गावात उंच बांधलेलं बरं. पण ‘रस्ता रुंद केला की कोंडी सुटते’ हे त्याच्यासोबत फुकट चिकटवून दिलं जातं, ते तपासायला हवं.

रॉकेलचं नरसाळं आठवा. तोंड परातीएवढं केलं तरी रॉकेल खालच्या नळीतून जाईल तेवढंच जातं. शहरातल्या रस्त्याची नळी म्हणजे चौक. हिरवा दिवा लागला की एका लेनमधून साधारण दोन सेकंदांना एक मोटार सुटते. दिवा कायम हिरवा असता तर तासाला १८०० सुटल्या असत्या. पण १२० सेकंदांच्या फेऱ्यात आपल्या वाट्याला ४० सेकंद आले तर उरल्या ६००. सूत्रच लिहायचं तर क्षमता = सुटण्याचा दर × हिरवा वेळ ÷ फेरा. दोन चौकांमधल्या रस्त्याची रुंदी या सूत्रात येतच नाही. ती वाढवली तर रांग लांबीऐवजी रुंदीत उभी राहते, एवढाच फरक.

मग चौकच रुंद करू? लेन वाढल्या तर मोटारी जास्त सुटतील, हे खरं. पण आता पायी माणसाचा हिशेब मांडा. सिग्नल बसवताना त्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. बारा मीटर ओलांडायला १० सेकंद, चोवीस मीटरला २०. सगळ्या मोटारी थांबवून पायी चालणाऱ्यांसाठी वेगळा टप्पा असेल तर हे जास्तीचे दहा सेकंद प्रत्येक फेऱ्यात चारही बाजूंच्या हिरव्या वेळेतून कापले जातात. म्हणजे लेन दुप्पट केल्या तरी क्षमता दुप्पट होत नाही. आणि १.२ हा वेग धडधाकट माणसाचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माझ्या आईचा मी मोबाइलवर मोजला, तो ०.८ भरला. चोवीस मीटरला तिला तीस सेकंद लागतील.

आता माझी आवडती युक्ती. रस्त्याच्या दोन्ही कडांना दोन-दोन मीटर पार्किंग असतं. तिथून वाहतूक जात नाहीच, आणि चौकाच्या तोंडाशी तर गाडी उभी करायलाही बंदी असते. तेवढ्याच तुकड्यात फुटपाथ पुढे काढायचा. बारा मीटरचं ओलांडणं आठवर येतं, दहा सेकंदांचं सातच्या आत. चालती लेन एकही गेली नाही, उलट हिरव्याचे तीन सेकंद परत मिळाले! आईसुद्धा दहा सेकंदांत पलीकडे.

आमच्या नव्या इमारतीत फ्लॅट बघायला येणारे वास्तुतज्ज्ञ बरोबर आणतात. समोरून रस्ता येऊन भिडतो का, ‘वीथीशूल’ आहे का, हे होकायंत्र लावून बघतात. फाटकासमोर फुटपाथ आहे का, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.

तो असायला हवा, आणि फाटकापाशी न उतरता सलग. उतार मोटारीने चढावा. दर वीस पावलांवर पायी माणसाने चढ-उतार का करावा? त्या दीड मीटरमधून हे सहज झालं असतं. सोसायटीच्या बैठकीत मी तसं बोललो. सेक्रेटरी म्हणाले, “मग पाहुण्यांच्या गाड्या कुठे लावायच्या?” विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.